थेक्लाच्या शेडमधली तोफ

कॅप्टन द्रोस्टेने मळणीयंत्र म्हणून ताडपत्रीत गुंडाळलेलं धूड थेक्लाच्या वीटभट्टीमागच्या शेडमध्ये आणून ठेवलं, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. गडीमाणसं पांगल्यावर तिने ताडपत्रीचं टोक उचललं. लांब नळी, पोलादी ढाल, लोखंडी धाव बसवलेली लाकडी चाकं. महायुद्धात असल्याच तोफेवर तिचा नवरा होता. तो फ्रान्समधून परत आला नव्हता.

"कॅप्टनसाहेब, हे झेंगट मला नको," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "युद्ध जिंकलेल्यांनी आपल्याला तोफा बाळगायला बंदी केलीय. सापडली तर?"

"सापडायला सांगणार कोण? अख्ख्या गावात एकट्या तुमच्यावर माझा भरवसा आहे, थेक्लाबाई."

नवऱ्याचा साहेब तो. तिने तोफ राहू दिली, पण एवढ्या मोठ्या गावात एकटी आपणच का, हे तिला उमगेना.

बटाटे काढून होतात न होतात, तोच फ्रेंच तपासनिसांची मोटार आली. कुणाला काही न विचारता ती थेट शेडसमोर थांबली. अधिकारी तोफेमागे वाकला, काहीतरी बोलून हसला. दुभाष्याने ते सांगितलं, पण भीतीने ते थेक्लाच्या डोक्यात शिरलंच नाही. तोफेचे तिथेच तुकडे झाले, थेक्लाला दंड झाला आणि मंडळी निघून गेली.

"थेक्लानेच चुगली केली," गाव म्हणालं. "नवरा गेल्यापासून लष्करावर डूख आहे तिचा."

"स्वतःला दंड करून घ्यायला?" तिने बेकरीवाल्या पाउलिचला विचारलं.

"पाव संपला," तो म्हणाला. मागची फळी पावांनी भरलेली होती.

मग तीही एकेकावर संशय घेऊ लागली: भट्टीवरचा गडी, पोस्टमन, शेजारीण. एक दिवस डुकरांना खाणं घालताना दुभाष्याचं वाक्य तिला एकदम आठवलं. बादली टाकून ती तडक गुत्त्यात गेली. कॅप्टन मधल्या टेबलाशी बसला होता.

"कॅप्टनसाहेब, तोफेचा गोळा भरून बंद करायचा मागचा ठोकळाच नव्हता म्हणे. त्याशिवाय ती उडते का?"

"काढून ठेवतात. खबरदारी म्हणून."

"मग दाखवा ना, कुठे ठेवलाय?"

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. उडे नावाचा म्हातारा तोपची हळूच म्हणाला, "आणि साहेब, तुमच्या कोठारांकडे ते फ्रेंच फिरकलेसुद्धा नाहीत. कुणी पत्ता दिल्यासारखे थेट शेडवर गेले, एक सापडली, पोट भरलं त्यांचं."

"उडे, तुझा ग्लास रिकामा दिसतोय," कॅप्टन म्हणाला. त्याने सगळ्यांना बिअर मागवली. उडेने थेक्लाकडे एकदा पाहिलं आणि ग्लास उचलला. मग सगळ्यांनीच उचलले.

दुसऱ्या दिवशी पाउलिचने तिला गरम पाव दिला. चुकलं असं मात्र कुणी म्हणालं नाही. थंडीत पेंढ्याखाली लांबलांब काहीतरी झाकलेल्या गाड्या कॅप्टनच्या कोठारातून जंगलाकडे निघाल्या. त्यातली एक पाउलिच हाकत होता. थेक्लाला पाहताच त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

वसंतात कॅप्टन पुन्हा आला. या वेळी बरोबर खरंच मळणीयंत्र होतं, असं तो शपथेवर म्हणाला.

"ठेवू कुठे?" थेक्ला म्हणाली. "शेड मी पाडली."

त्या जागी उघड्या उन्हात कच्च्या विटा वाळत होत्या.