उजवा खांदा

पन्नाशी उलटल्यावर आमच्या ह्यांनी दुकानाची किल्ली मालकाच्या हातात ठेवली आणि शाळेत चित्रकलेचे सर व्हायला निघाले, तेव्हा मी त्यांच्याशी अबोला धरला. बोलले असते तर जे बोलू नये तेच बोलले असते.

माणूस शिंपी. हयात गेली कोट-पँटी शिवण्यात. खोड एकच. गिऱ्हाईक माप देऊन गेलं की खडूनं एखाद्या चिंधीवर त्याचं चित्र काढायचं. पोट सुटलेला डॉक्टर, एका बाजूला झुकून चालणारा पोस्टमन, सगळे आमच्या चिंध्यांच्या पोत्यात पडलेले. शाळेच्या हेडबाई कोट सैल करून घ्यायला आल्या, तेव्हा त्यातली एक चिंधी त्यांच्या नजरेला पडली. त्यांचे चित्रकलेचे सर नुकतेच सोडून गेले होते. वर्षभर शिकवाल का, असं त्यांनी विचारलं आणि हे हुरळून हो म्हणाले. मला विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हतीच.

वर्ष संपत आलं. आता सगळ्या पालकांसमोर एक तास घ्यायचा. तो पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसा. दुकानात तर मोबाईलवाला येऊन बसला होता. हे रोज रात्री चिंध्यांवर त्या तासाचा सराव करू लागले.

"मी येणार," मी अबोला मोडून म्हटलं, "पण मागच्या बाकावर बसून गंमत बघणार. माझ्याकडून मदतीची अपेक्षा ठेवू नका."

वर्ग गच्च भरला होता. ह्यांनीच शिवलेला कोट घालून मी मागे बसले. ह्यांनी फळ्यावर एक उभी बाई काढायला घेतली. नाक माझं होतं, ते मी लगेच ओळखलं. हात असा सरसर चालला की मी राग विसरून बघत राहिले. निम्मा चेहरा, एक खांदा, एक हात, निम्मा कोट. आणि हे खडू ठेवून, हात झटकून आमच्याकडे वळले.

कुणाला काही कळेना. मला कळलं. शिंपी कापड घडी घालून बेततो. घडीवर अर्धंच आखायचं, कापून उलगडलं की दुसरं अर्धं आपोआप निघतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ऐन वेळी दगा दिला होता. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ फिसकन हसले. ह्यांनी वळून फळा पाहिला आणि कानापर्यंत लाल झाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या नवऱ्याला हसायचा हक्क माझा, त्या गृहस्थांचा नव्हे.

"अहो सर," मी मागून म्हटलं, "घडी उलगडा की आता."

सगळे हसले. हेही हसले आणि दुकानात असायचे तसे मोकळे झाले. मुलांना त्यांनी घडीची गंमत सांगितली. "पण माणूस काही घडीवर बेतलेला नसतो. त्याचं दुसरं अर्धं बघूनच काढावं लागतं." मग मला म्हणाले, "अगं, ये पुढे. अंगातला कोट उतरवून उभी राहा."

चारचौघांत नाही कशी म्हणणार? राहिले उभी. मुलं माझ्याकडे बघत उरलेली बाजू काढू लागली. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ह्यांचा उजवा खांदा खाली आहे."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "आरशात मला सरळ दिसतो."

"कोट घातल्यावर दिसतो," हे म्हणाले. "तुझ्या प्रत्येक कोटात उजवीकडे मी जाड पॅड घालतो." मग मुलांकडे वळले. "दुकानातली जड इस्त्री कायम हिनं ओढली. मी नुसतं शिवलं. शिवताना खांदा झाकायचा असतो. चित्रात झाकू नका, आहे तसा काढा."

मला तिथेच रडू आलं. इतकी वर्षं मी समजत होते, ह्या माणसाचं माझ्याकडे लक्षच नसतं.

तासाच्या शेवटी भिंतभर मीच होते, प्रत्येक चित्रात उजवा खांदा खाली. मघाशी हसलेले गृहस्थ शाळेचे अध्यक्ष निघाले. त्यांनी सगळी चित्रं निरखून पाहिली आणि हळूच विचारलं, "माझा कोणता खाली आहे हो?"

"डावा," हे म्हणाले.

"बरं. उद्यापासून तुम्ही कायम."

बाहेर पडताना ह्यांनी माझ्यापुढे कोट धरला. मी त्यांच्या खिशातून कात्री काढली. ती तिथे असणारच होती. अस्तर उसवलं, पॅड उपसून त्यांच्या हातात ठेवलं, आणि कोट घालून भर रस्त्यानं त्यांच्या बरोबरीनं घरी चालत गेले.