भरलेल्या वाटीचा संशय

मी एक जुनी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, वाटी आहे. काठाला पोचा, बुडाला काळेपणा. रायपूरच्या हमरस्त्यावर, कोहमाऱ्याच्या चौकातल्या एका ढाब्यावर मिठूच्या पिंजऱ्यात मी अडकवलेली असते. मित्रांनो, आधीच सांगते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही.

पूर्वी मी ढाब्याच्या स्वयंपाकघरात डाळ मोजायची. स्टीलच्या वाट्या आल्या आणि मला फळीवर टाकून दिले. मग मालकीणबाई निर्मलाबाईंची नात रुची हिच्यासाठी मिठू आला. करडा, डोक्यावर पिवळा तुरा असलेला परदेशी पोपट. निर्मलाबाईंनी मला घासूनपुसून त्याच्या दाण्यासाठी लावले, तेव्हा मला फार आनंद झाला. बाजरी, राळा आणि चिरलेला पालक असे त्याचे रोजचे जेवण होते. दाणा सोलून तो टरफले माझ्यातच टाकायचा.

पुढे या ढाब्यावर एक रीतच पडली. रायपूरकडे निघालेले ओळखीचे ड्रायव्हर गाडीत बसण्याआधी मिठूला हाताने काहीतरी भरवत. त्याने खाल्ले तर रस्ता बिनघोर जातो म्हणे!

हळूहळू मिठू जाड झाला. त्याची शीळ बंद झाली. मी मात्र सकाळ-संध्याकाळ भरलेलीच. वर दिसतात ती टरफलेच असणार, असे समजून निर्मलाबाई नवे दाणे घालत. कोणीतरी मिठूच्या जिवावर उठले आहे, असा मला तेव्हाच संशय आला होता. त्यांचे यजमान मंगरू पिंजऱ्याजवळ आले की त्यांच्या बोटांना बेसनाचा वास यायचा. स्वयंपाकी केवलराम आधी मागे वळून बघायचा, मग पुढे यायचा. चोराच्या मनात चांदणे! आणि रुची सारखी फ्रॉकला हात का पुसत होती? पण वाटीचे कोण ऐकणार?

एका सकाळी मिठूला दांडीवर बसवेना. तो पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसला. निर्मलाबाईंनी मला बाहेर काढले आणि खळ्यावर धान पारखावे तशी माझ्यात जोरात फुंकर मारली. एकही टरफल उडाले नाही.

"हा तं दाण्याले शिवूनच नाही राहिला! मंग एवढा फुगला काऊन?"

"मी तं कायीच देत नाही," मंगरू म्हणाले.

"मंग मले कायले पाहता?" केवलराम चिडला. "वाटीच खराब असन. फेकून द्या तिले!"

हे ऐकून माझा असा संताप झाला की काय सांगू!

सडक अर्जुनीहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मिठूची छाती चाचपली. "चरबी चढली आहे. असंच चाललं तर हा वाचणार नाही. पण खाऊ एकदम तोडू नका, नाहीतर हट्टाने उपाशी राहील. थोडा थोडा कमी करा."

डॉक्टर गेल्यावर निर्मलाबाईंनी भांडण केले नाही. त्या सगळ्यांना म्हणाल्या, "आज ज्याले जे द्याचं हाय, ते मिठूच्या चोचीत नाही, या वाटीत टाका. मी कोणाले बोलत नाही."

संध्याकाळपर्यंत माझ्यात भजी, शेव, खारे शेंगदाणे आणि गुळाचा खडा जमा झाला. ड्रायव्हरांची बिस्किटे तर काठावरून खाली पडली. शेवटी रुचीने खिशातले चॉकलेट टाकले आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

"मी तं एवढंसंच देत होतो," मंगरू पुटपुटले. बाकीचेही तेच म्हणाले. मी एक वैरी शोधत होते. इथे तर सगळे लाड करणारेच निघाले. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून रुची पिंजऱ्यासमोर बसून मोड आलेले मूग स्वतः खाऊन दाखवू लागली. बाकीचा खाऊ रोज थोडा थोडा कमी होत गेला, तरी मिठू मुगाकडून मान फिरवायचा. तो जगतो की नाही, या काळजीने मी रोज कासावीस व्हायची. आठव्या दिवशी त्याने माझ्यातला एक मूग उचलला. मग त्याने दुसरा उचलला.

आता आधी जेवण, मग सूर्यफुलाच्या दोन बिया. कोणी ड्रायव्हर शेव काढू लागला की निर्मलाबाई त्याच्या हातात पेरूची फोड देतात.

मित्रांनो, पाळलेल्या जिवाचे लाड जरूर करा. पण घरात कोण काय भरवते, ते एकमेकांना विचारत जा. मुका जीव वैऱ्याच्या हातचे खात नाही, तो आपल्या माणसाच्या हातचेच खातो. म्हणून संशय घ्यायचाच असेल, तर आधी आपल्या हाताचा घ्या.