चुकून वाजलेली चौकट

मित्रांनो, मी चोरी पकडणारी एक जुनी चौकट आहे. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या दाराशी मी उभी असते. माझ्यातून रोज शेकडो माणसे जातात, पण माझ्याकडे कुणाचे लक्ष नसते. मी वाजले की मात्र सगळ्यांच्या माना वळतात, आणि त्याही माझ्याकडे नव्हे, तर माझ्यातून जाणाऱ्या माणसाकडे. आता मला याचा फार शीण येतो.

माझा जन्म कारखान्यातला. ज्या बाईंनी माझ्या पोटात तारा जोडल्या, त्यांनी शेवटी एक प्लास्टिकची चकती माझ्यासमोरून फिरवली आणि मी टीं टीं करून ओरडले. "बोलली बाई एकदाची," म्हणत त्या हसल्या. माझे शिक्षण एवढेच. दुकानातल्या नव्या कपड्यांना अशी चकती लावलेली असते. बिल करताना ती काढतात. काढायची राहिली की मी ओरडते. ती कुणामुळे राहिली हे मला कळत नाही. मला चकती कळते, माणूस कळत नाही.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मी एक-दोन खऱ्या चोऱ्या पकडून दिल्या, तेव्हा दुकानाचे साहेब पाहुण्यांना मला मुद्दाम दाखवायचे. पुढे माझे वय झाले. छत्रीवर, किल्ल्यांच्या जुडग्यावरसुद्धा मी वाजू लागले. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला की हिचे आता काही खरे नाही, बदलून टाका. साहेबांनी पुढच्या वर्षावर ढकलले. आणि माझ्या शेजारी उभे राहणारे रखवालदार, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांना हुकूमच होता की चौकट वाजली की माणूस अडवायचा. संध्याकाळपर्यंत त्यांचेही पाय भरून येत. मग ते कुणाशी गोड बोलण्याच्या भानगडीत पडत नसत.

एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ लेकीबरोबर आले. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, आता घरीच असत. लांबलेल्या आजारपणानंतर लेकीने त्यांना आग्रहाने बाहेर काढले होते. त्यांनी एक करडा स्वेटर पसंत केला. लेकीने बिल केले आणि पिशवी त्यांनीच हौसेने हातात घेतली. ते माझ्यातून बाहेर पडले आणि मी वाजले.

मामांनी त्यांचा दंड धरला. "खिशात काय आहे ते काढा," ते म्हणाले.

रांगेतली माणसे बघू लागली. त्यांतली एक बाई पुढे होऊन म्हणाली, "सर?" ते ऐकून गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी एकेक खिसा उलटा करायला सुरुवात केली. रुमाल निघाला, गोळ्यांची डबी निघाली, शिसपेन्सिलीचा एक तुकडा निघाला. तो त्यांच्या हातातून खाली पडला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला.

लेक मागून आली. तिने तो तुकडा उचलला.

"बाबा, ठेवा ते सगळं परत."

"अगं, दाखवतो ना. माझ्याकडे काय आहे लपवण्यासारखं?"

"काही नाही, म्हणूनच ठेवा."

मग ती मामांकडे वळली आणि आधी त्यांचा दंड सोडा म्हणाली. यांना काही उचलताना पाहिलेत का, असेही तिने विचारले. मामा म्हणाले, पाहिले नाही, पण चौकट वाजली. तेवढ्यात साहेब आले. इथे तमाशा नको, आत ऑफिसात चला, असे त्यांनी हळूच सुचवले.

"तमाशा आम्ही नाही केला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "जे काय असेल ते इथंच होईल. ही पावती बघा, काउंटरवर विचारा, कॅमेरा बघा. तरी संशय असेल तर पोलिसांना बोलवा. तोवर माझ्या वडिलांच्या अंगाला आणि खिशाला कुणी हात लावायचा नाही."

साहेबांनी काउंटरवरच्या मुलीला बोलावले. तिने स्वेटर उलटा केला. आतल्या शिवणीपाशी चकती तशीच होती. घाईत काढायची राहून गेली, असे सांगताना बिचारी रडकुंडीला आली.

साहेबांनी पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. लेकीने ती नाकारली आणि माफी मागायला सांगितले. साहेब खाली बघून काहीतरी बोलले.

"त्यांना कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "मघाशी सगळ्यांना ऐकू गेलं, तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

साहेबांनी मग ते मोठ्याने सांगितले. मामांनी नुसते हात जोडले. गुरुजी म्हणाले, "असू दे, असू दे," आणि निघाले. स्वेटर मात्र दुकानातच राहिला.

पुढे लेक अधूनमधून येई. गुरुजी बाहेर, पायरीशीच थांबत. कितीदा बोलावले तरी ते आत आले नाहीत. एकदा मामांनी आपली खुर्ची उचलून बाहेर नेली आणि त्यांच्याजवळ ठेवली. गुरुजी बराच वेळ उभेच राहिले. मग बसले. त्या दिवसापासून मी वाजले की मामा कुणाचा दंड धरत नाहीत. ते म्हणतात, "जरा थांबता का? आमच्याकडूनच काहीतरी राहिलं असेल."

मित्रांनो, मला लवकरच काढून टाकणार आहेत, आणि मी त्याचीच वाट बघते आहे. माझ्या जागी नवी चौकट येईल. तीही कधीतरी चुकेल. ती तुमच्यावर वाजली तर पळू नका आणि घाबरून खिसेही उलटे करू नका. पावती दाखवा आणि काय पाहिलेत ते शांतपणे विचारा. दुसऱ्या कुणावर वाजली, तर त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नका. तेवढा वेळ चौकटीकडे बघा.