उलटा पुरलेला जोसेफ

घर विकायला काढलं मे महिन्यात, आणि ऑक्टोबर उजाडला तरी दुसऱ्यांदा फिरकलेलं गिऱ्हाईक म्हणून नव्हतं. लोक यायचे, वरच्या खोल्या बघून माना डोलवायचे, मग तळघरात उतरायचे, भिंतीवरच्या ओलीला बोट लावायचे आणि ‘कळवतो’ म्हणून जायचे. कळवत कुणीच नसे. दर रविवारी चर्चमधून आल्या आल्या बर्नाडेट गोर्स्की पदर खोचल्यासारखी बाह्या सारून घर घासायला घ्यायची. आठवडाभर वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात म्हाताऱ्यांचं रांधायचं, आणि देवाने नेमून दिलेल्या सुट्टीच्या दिवशी गुडघ्यांवर बसून फरशी पुसायची, का तर परक्या माणसांनी नाक मुरडू नये. ती थकली होती, आणि हे थकणं झोपून जाणारं नव्हतं.

तोडगा सुचवला सासूने. तिला सारं घर बुशा म्हणायचं, पोलिश लोकांत आजीला बुशाच म्हणतात ना!

“संत जोसेफला पुरा,” बुशा म्हणाली. “विक्रीच्या पाटीशेजारी. डोकं खाली, पाय वर, तोंड घराकडे. माझं घर महिन्याच्या आत गेलं होतं.”

“आई, संताला उलटं पुरायचं?” रे म्हणाला. रे म्हणजे बर्नाडेटचा नवरा.

“मग काय सुलटं ठेवून आराम कर म्हणून सांगायचंय? जिवावर बेतल्याशिवाय कोण हातपाय हलवतं? तू हलवतोस?”

रेने चर्चच्या दुकानातून वीतभर उंचीचा प्लास्टिकचा जोसेफ आणला आणि शेजारपाजार जेवायला बसल्याची खात्री करून, चोरासारखा अंगणात खड्डा खणला. घर गेलं की संताला वर काढायचं, धुवायचं आणि नव्या घरात मानाने मांडायचं, असा हा करार. अमेरिकेतल्या या एरी शहरातल्या निम्म्या कॅथलिक घरांनी तो कधी ना कधी केलेला असतो. पाद्री मात्र ऐकू न आल्यासारखं करतात.

आता घर का विकायचं, तर सांगायला कारणं भरपूर होती. रेचा कारखाना तासभर लांब होता, तळघरात ओल होती, छप्पर म्हातारं झालं होतं. ही सगळी कारणं खरी होती आणि त्यांतलं एकही खरं कारण नव्हतं. खरं कारण कुंपणापलीकडे राहत होतं.

पलीकडे ट्वीडी राहायचे. आई लोरेन, बाप ग्लेन, मुलगी ब्रायनी. माणसं विक्का पंथाची. पौर्णिमेला परसात दिवे लावायचे, ऋतू पालटला की सण करायचे, देवीला मानायचे, आणि कुणी विचारलंच तर लोरेन काही न लपवता सांगायची, “हो, आम्ही चेटकी.” ऑक्टोबरात साऱ्या गल्लीने दारोदार पुठ्ठ्याच्या चेटकिणी टांगल्या होत्या. बर्नाडेटच्या दारावरही एक होती, झाडूवर बसलेली, हिरव्या नाकाची. जिथे खरीखुरी राहत होती, त्या दारावर मात्र काही नव्हतं.

बर्नाडेटची सेसिलिया आठ वर्षांची. शाळेत जायला लागल्यापासून ती बोलताना अडखळायची. पहिल्याच अक्षरावर जीभ अडायची, चेहरा लाल व्हायचा, आणि मग आई, बाप, आजी, जो कुणी जवळ असेल तो तिचं वाक्य पुरं करून टाकायचा. मायेनेच, पण पुरं करून टाकायचा. वर्गात मुलं नक्कल करायची. गेल्या वर्षी ब्रायनी राहायला आली. ब्रायनीला कसली घाईच नव्हती. सेसिलिया अडली की ती कुंपणावर पाय हलवत बसून राहायची, शब्द येईपर्यंत. हळूहळू शब्द यायला लागले. पुढे पुढे पोरगी इतकी बोलायला लागली की रे कानावर हात ठेवायचा.

बर्नाडेटला ब्रायनीचे पाय धरावेसे वाटत, आणि त्याच ब्रायनीची भीतीही वाटत असे. एकदा जेवताना सेसिलियाने येशूचे आभार मानून झाल्यावर गाजरांचेही मानले. एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गात तिने सगळ्यांना सांगितलं, की ब्रायनीच्या आईचा देव बाई आहे. वर्गाच्या बाईंचा घरी फोन आला. फादरना विचारलं, तर ते म्हणाले, “मैत्री तोडू नका, त्या मुलीला घरी जेवायला बोलवा.” फादरना काय जातंय सांगायला! त्यांना मूल ना बाळ.

“तू सांग तिला, त्या घरी जायचं नाही म्हणून,” बर्नाडेट नवऱ्याला म्हणाली.

“मी? ती रडली की मी विरघळतो. तू सांग.”

“मी सांगितलं तर ती पुन्हा अडखळायला लागेल, रे.”

दोघंही दमलेली, दोघंही भित्री. कुणीच काही सांगितलं नाही. त्याऐवजी त्यांनी घर विकायला काढलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

त्या रविवारी सकाळी एक तरुण जोडपं येऊन घर बघून गेलं. तेही ‘कळवतो’ म्हणाले. दुपारी बुशा कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळलेली गोलाबकी घेऊन जेवायला आली आणि दारातूनच म्हणाली, “खणून बघ रे जरा. जोसेफ आडवा तर नाही झाला?”

रेने खणलं. जोसेफ आडवा झाला नव्हता. जोसेफ तिथे नव्हताच. खड्ड्यात होती रोझमेरीची एक सुकत आलेली डहाळी, लाल फितीने बांधलेली.

बुशाने छातीवर क्रूस केला. “पळवला! चेटकिणीने संत पळवला! तरीच म्हणते घर का विकत नाही. करणी केलीय, करणी!”

“आई, हळू,” रे म्हणाला.

पण बर्नाडेटच्या डोक्यात पाच महिन्यांच्या घासलेल्या फरश्या एकदम उसळल्या. तिने डहाळी उचलली आणि तरातरा ट्वीडींच्या दाराशी गेली.

लोरेन शाळेची बस चालवायची. दार उघडलं तेव्हा तिच्या एका हातात सुरी होती, दुसऱ्यात अर्धा सोललेला बटाटा, आणि डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं, जी बर्नाडेट रोज स्वतःच्या आरशात बघायची.

“हे तुमचं ना?”

लोरेनने डहाळी हुंगली. “झाड माझं. फीत तुझ्या लेकीची. आत ये, बाई. इथे उभी राहून बोललीस तर गल्ली ऐकेल, आणि गल्लीला तेवढंच हवंय.”

त्या घरात बर्नाडेटने कधी पाऊल टाकलं नव्हतं. कवट्या असतील, काळं मांजर असेल, काय काय तिने मनात रंगवलं होतं. होतं एक साधं स्वयंपाकघर. खरकटी भांडी होती, न धुतलेले मोजे होते. फडताळावर एक मेणबत्ती, एक शिंपला, कपाळावर चंद्रकोर असलेली मातीची देवी, आणि देवीच्या शेजारी, नीट पायांवर उभा, लख्ख धुतलेला संत जोसेफ.

“दोन-तीन आठवडे झाले असतील,” लोरेन म्हणाली. “तुझी सीसी घेऊन आली. म्हणाली, ‘याला उलटं पुरलंय, याच्या नाकात माती गेलीय.’ दोघी पोरींनी मिळून जुन्या टूथब्रशने घासला. मी म्हटलं, परत नेऊन दे आणि आईला सांग. ती म्हणाली, रविवारी सांगते. रविवार आला आणि गेला. मीच यायला हवं होतं, माझं चुकलंच. पण तू मला बघितलंस की रस्ता ओलांडून पलीकडे जातेस.”

ते खोटं नव्हतं. बर्नाडेटने हातातली डहाळी पुढे केली.

“आणि ही डहाळी?”

“ब्रायनीने सांगितलं असणार. जमिनीतून काही घेतलं तर काही ठेवून यायचं, असं आम्ही शिकवतो.” लोरेनने बटाटा पातेल्यात टाकला. “एक विचारू? राग मानू नकोस. तुम्ही त्याला उलटं का पुरलं होतं?”

“घर विकलं जावं म्हणून.”

“उलटं पुरल्यावर विकलं जातं?”

“जातं असं म्हणतात. पण ही काही जादू नाही हं. श्रद्धा आहे.”

“बरं,” लोरेन म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे बर्नाडेटला कुणी न सांगताच कळलं.

“ब्रायनी माझ्या मागे लागली होती,” लोरेन पुढे म्हणाली, “सीसीचं घर विकू नये म्हणून काहीतरी कर. मी म्हटलं, नाही. दुसऱ्याच्या घरावर त्याला न विचारता काही करायचं नाही, हा आमचा नियम आहे. दोघी रडल्या. मग तुझी लेक डोळे पुसून म्हणाली, ‘ठीक आहे, मी आमच्यातल्याच कुणालातरी विचारते.’” तिने मानेनेच जोसेफकडे दाखवलं. “आणि तुला काय वाटतं, चिंता फक्त तुझ्याच घरात आहे? तुझ्या लेकीपायी आमच्याकडेही रात्रीची जेवणं गप्प होतात. आज नाही सांगत. तुला तुझंच पुरे झालंय.”

बर्नाडेटने जोसेफकडे हात नेला आणि मागे घेतला. “राहू दे,” ती म्हणाली. “जिने आणला तीच नेईल.”

“आणि ऐक,” दारापर्यंत आलेली लोरेन म्हणाली, “तुझ्या दारावरच्या त्या बाईचं नाक जरा कमी हिरवं कर.”

परतताना बर्नाडेटने ती पुठ्ठ्याची बाई दारावरून काढून काखेत मारली.

आत तिघं टेबलाशी बसलेली होती. गोलाबकी निवत होती. सेसिलियाने आईकडे बघितलं आणि तिला कळलं, आईला कळलंय.

“मीच काढला त्याला,” ती म्हणाली. “तुम्ही त्याला घर विक म्हणून सांगत होता. मी नको विकू म्हणून सांगितलं. तो येशूचा बाबा आहे. मला वाटलं, तो लहान मुलांचं आधी ऐकत असेल.”

“बाळा, चोरून काढायचं का पण?” रे म्हणाला.

“शनिवारी कन्फेशनमध्ये फादरना सांगणार आहे मी. चोरी केली म्हणून.” मग ती आईकडे वळली. “तू काय सांगणार? घर ओलीमुळे नाही विकत आहात तुम्ही.”

बुशाने घसा खाकरला. रे ताटलीकडे बघत राहिला. बर्नाडेट खुर्चीत बसली. अजून एक खोटं बोलायचं तरी अंगात बळ लागतं, आणि तिच्यात ते उरलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “ब्रायनीमुळे. तुला नको म्हणायची आमची छाती झाली नाही, म्हणून.”

सेसिलिया रडली नाही. तिने तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. ओठ मिटले, पुन्हा उघडले, चेहरा लाल होत गेला. कितीतरी महिन्यांत घरात कुणी हे बघितलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. रेने उचलला, ऐकला, आणि फोनवर तळवा दाबून धरला. “एजंट. सकाळचं जोडपं. घेतायत. आपण सांगितलेल्या किमतीला, ओलीसकट! पण उत्तर आत्ता हवंय.”

“जोसेफा, बाबा रे!” बुशा म्हणाली. “वर काढताच पावला बघा!”

रेने फोन पुढे केला. “तू सांग.”

बर्नाडेटने फोन घेतला, पण कानाला लावला नाही. सेसिलियाचे ओठ अजून त्याच अक्षरावर अडले होते. बुशा तिचं वाक्य पुरं करायला पुढे झुकली. बर्नाडेटने हाताने तिला थांबवलं. पलीकडून एजंट हॅलो हॅलो करत होता. करू दे. ती थांबली. आई झाल्यापासून पहिल्यांदा ती थांबली.

“म... म... मला,” सेसिलिया म्हणाली. “मला इथेच राहायचंय.”

बर्नाडेटने फोन कानाला लावला. “नाही विकायचं,” ती म्हणाली. एजंट बरंच काही बोलला. “हो, कळलं, असं गिऱ्हाईक पुन्हा नाही मिळणार. हो, वेडच लागलंय म्हणा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

“मंत्राने बांधलं तुला त्या बाईने,” बुशा म्हणाली.

“असेल, बुशा. वाढ आता.”

“म्हणजे मी रोज जाऊन-येऊन दोन तास गाडी हाकायची?” रे म्हणाला.

“हो.”

“आणि ओल?”

“ओल राहील.”

मग, का कोण जाणे, तो जरासा हसला.

“मी जोसेफला आणू?” सेसिलिया म्हणाली.

“आण.”

“ब्रायनीला पण?”

बर्नाडेटची भीती कुठेही गेलेली नव्हती. ही पोर मोठी होऊन काय मानेल, कुणाला नमस्कार करेल, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि आता पळायला दुसरं घर नव्हतं. जे काही असेल ते इथेच, या टेबलाशी, रोजच्या जेवणाला निस्तरायचं होतं.

“आण,” ती म्हणाली. “पण तिला आधी सांग, आमच्याकडे जेवणाआधी प्रार्थना म्हणतात.”

“तिला येते,” सेसिलिया दारातून म्हणाली. आता ती कुठेच अडली नाही. “मीच शिकवलीय. ती घरीसुद्धा म्हणते, रोज. तिचे बाबा चिडतात.”

ती पळत गेली. बर्नाडेट तशीच बसून राहिली. मग उठली आणि फडताळातून आणखी एक ताटली काढली.