गावात नवी डोकी आली

"बाबा, राहू द्या ना ती खुर्ची. शहरातल्या घरात ठेवणार कुठे तिला? स्वयंपाकघरात?"

मामा फरशीवर पालथे पडून खुर्चीच्या बुडाशी असलेला गंजका नट पान्याने पिळत होते. नट जागचा हलत नव्हता आणि मामाही हट्ट सोडत नव्हते.

"ही आली तेव्हा तू रांगत होतीस," ते खालूनच लेकीला म्हणाले. "मला न्यायचं तर हिलाही न्यायचं."

"मला लग्न करून आणलं, तेव्हासुद्धा इतकी माया नव्हती," मामी दारातून म्हणाल्या आणि भांड्यांचं खोकं रस्त्यावरच्या पिकअपमध्ये ठेवायला गेल्या.

मामा म्हणजे अख्ख्या गावाचे मामा. गावातलं एकमेव सलून त्यांचं. एकेकाळी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या पायरीवर टेकायला जागा मिळायची नाही. मग भावाभावांत वाटण्या होत होत शेतं चादरीएवढी झाली, तिकडे बंदरावर कारखाने उभे राहिले आणि पोरं एकेक करून तिकडे गेली. मामांची लेकही गेली. मागे राहिली ती म्हातारी माणसं. त्यांच्या डोक्यावर कापण्याजोगं फारसं काही उरलेलं नव्हतं. ती गप्पा मारायला यायची, मानेवरून वस्तरा फिरवून घ्यायची आणि एक दिवस यायचीच बंद व्हायची. हल्ली मामा दुकान उघडून स्वतःचीच दाढी करत बसायचे.

नाही म्हणायला, ओढ्यापलीकडची पडीक शेतं एकत्र करून एका कंपनीने नाशपातीच्या बागा लावल्या होत्या. शेजारी मोठं शीतगृह बांधलं होतं. तिथे कामाला खंडाच्या पार दुसऱ्या टोकाकडून माणसं आली होती. तिकडे माणसं उदंड आणि पाण्याचा ठणठणाट. इकडे पाणी उदंड आणि शेतात माणूस नाही. पण ती माणसं बागेतच राहायची, बागेतच जेवायची. हंगाम संपला की जातील, असं गाव धरून चाललं होतं.

मामांनी पुन्हा पाना लावला, नट इवलासा सैल झाला, तेवढ्यात दारात रडारड ऐकू आली. एक अनोळखी बाई सात-आठ वर्षांच्या पोरीला जवळजवळ ओढत आत आली. मागून धापा टाकत बागेतली मुकादमबाई. ही मात्र गावचीच होती, पण बागेत राहून त्या लोकांची भाषा शिकली होती.

"मामा, दुकान बंद करू नका हो! कलमांना लावायचं मेण पोरीने डोक्यात घालून घेतलंय. बघा तरी!"

मामा उठले. पोरीच्या लांबसडक केसांचा एका बाजूला दगडासारखा गोळा झाला होता. त्यांनी सवयीने कात्री उचलली मात्र, पोरीने दोन्ही हातांनी डोकं झाकून किंकाळी फोडली आणि आपल्या भाषेत काहीतरी सुनावलं.

"काय म्हणते ही?"

"म्हणते, टक्कल केलंत तर ती आत्ताच्या आत्ता आपल्या गावी जाईल. चालत."

मामांनी कात्री खाली ठेवली. "अगं, तेलाची बाटली कुठल्या खोक्यात घातलीस?"

"सगळ्यात खालच्या," मामी म्हणाल्या आणि मुकाट्याने खोकी उतरवू लागल्या.

तेल गरम झालं. मामा बोटांनी ते मेणात मुरवत राहिले, बारीक फणीने टोकाकडून एकेक बट सोडवत राहिले. पोर आधी हुंदके देत होती, मग आरशातल्या मामांकडे रोखून पाहू लागली, मग चक्क खुर्ची गोल फिरवायला लागली. शेवटची बट सुटली तेव्हा तिच्या आईने मामांचे तेलकट हात हातात धरले आणि भडाभडा बोलत सुटली. मामांना त्यातलं अक्षर कळलं नाही.

"कळलं, कळलं," ते लाजून म्हणाले.

मान वर करून बघतात तर दारात बागेतल्या गड्यांचा घोळका. सगळ्यांच्या डोक्यांवर घट्ट टोप्या. मामांनी पुढच्याची टोपी उचलली आणि जागच्या जागी थिजले. डोकं कुठे खरवडलेलं, कुठे झाडीसारखं माजलेलं.

"हे कोणी केलं?"

"एकमेकांचे कापतात," मुकादमबाई ओशाळून म्हणाली. "मेंढ्यांची लोकर कापायच्या कात्रीने."

"मेंढीनेसुद्धा तक्रार केली असती! बस रे बाबा, बस आधी."

मग जे सुरू झालं ते संपेचना. लेक वैतागून म्हणाली, "बाबा, निघायचंय आपल्याला." पण केसांचा ढीग पायात येऊ लागला तशी तिनेच केरसुणी हातात घेतली. मामींनी बांधलेलं पातेलं सोडून चहा टाकला.

खुर्चीतून उठताना एका धिप्पाड गड्याने काहीतरी विचारलं.

"पुढच्या महिन्यात कधी येऊ म्हणतोय," मुकादमबाई म्हणाली.

"पुढच्या महिन्यात? हंगाम तर संपेल की."

"हंगाम कसला, मामा! शीतगृह बारमाही चालणार. बायकापोरं घेऊन आलीत ही. ओढ्यापलीकडे खोल्या बांधतायत. शाळेत नावंसुद्धा घातली पोरांची."

मामांनी कात्री खिशात टाकली. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती फरशीकडे पाहत होती. त्या फरशीवर इतके काळे केस तिने लहानपणानंतर पाहिले नव्हते.

"मी खोली रंगवली होती तुमच्यासाठी," ती हळूच म्हणाली. "खिडकीतून समुद्र दिसतो."

"येऊ की राहायला. पाहुणे म्हणून. पाहुण्यांची बडदास्त जास्त असते."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मग तिने पाना उचलला, फरशीवर बसली आणि वडिलांनी एवढ्या कष्टाने इवलासा सैल केलेला नट पुन्हा आवळून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक रिकामी पिकअप घेऊन निघाली. वळणावर दोनदा हॉर्न वाजवून दिसेनाशी झाली. मामी डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. मामा पायरीवरच उभे राहिले.

बागेकडे जाणारी मंडळी समोरून चालली होती. टोप्या आज कोणाच्याच डोक्यावर नव्हत्या. मामांना त्यांची नावं माहीत नव्हती, बोली कळत नव्हती. पण पाठमोरा एकेकजण त्यांना ओळखता येत होता. हा दोन भोवऱ्यांचा. हा मानेवरच्या तिळाचा. हा धिप्पाड, आणि याच्या डाव्या कानामागे…

"ए, थांब!" मामा ओरडले.

कोणाला काही कळलं नाही, म्हणून सगळेच थांबले. मामा खिशातली कात्री काढत पायऱ्या उतरले, भर रस्त्यात त्या धिप्पाड गड्याची मान हाताने वाकवली आणि कानामागे राहून गेलेली बट कापून टाकली. दोन पावलं मागे सरून त्यांनी नीट पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "आता जा."