रुमालाखालचा आकडा

रोज सकाळी तुमच्या मोबाईलवर उगवत्या सूर्याचं चित्र येतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आज हसा, जग तुमच्यासोबत हसेल.’ ते पाठवणारा माणूस स्वतः हसत असेल असं तुम्हाला वाटतं का? लातूरकडच्या बऱ्याच मोबाईलांवर ते मीच पाठवतो. पाठवतो आणि पुन्हा डोक्यावरून पांघरूण घेऊन भिंतीकडं तोंड करून पडतो. दात घासायचाही कंटाळा येतो. कंटाळा हा शब्द सभ्य झाला. तोंडात ब्रश घातला की उलटी येते असं म्हणा.

मी सत्यम. लातूरला अमृत सरांच्या ‘उंच भरारी परिवारा’त नोकरीला आहे. सरांचं मूळ नाव अमृतराव. आधी ते विम्याच्या पॉलिसी विकायचे, आता आनंद विकतात. मी त्यांचे बॅनर करून आणतो, माइक लावतो आणि शिबिरात लोक रडायला लागले की बासरीचं संगीत सुरू करतो. हो, त्यालाही माणूस ठेवावा लागतो. बासरीला उशीर झाला तर सर भडकतात, कारण तेवढं रडं वाया जातं.

सरांच्या अंगाला मोगऱ्याच्या अत्तराचा आणि गव्हांकुराच्या रसाचा मिळून एक वास येतो. बोलताना ते समोरच्याचा खांदा दाबतात. ‘कसा आहेस, चॅम्पियन?’ म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या चॅम्पियनकडं वळतात. पहिल्या वर्षी मला हा माणूस देव वाटायचा. आता त्यांचा हात खांद्यावर पडला की शर्ट काढून भिजत घालावासा वाटतो.

गेल्या दिवाळीनंतर मला काय झालं ते मला धड सांगता येत नाही. आधी छातीत धडधड सुरू झाली. गंजगोलाईत भाजी घेता घेता अंगाला दरदरून घाम फुटायचा आणि आता इथंच मरतो असं वाटायचं. मग धडधड कमी झाली आणि त्याहून वाईट आलं: काहीच वाटेनासं झालं. मेसच्या वरणाला ओल्या पोत्याची चव यायला लागली. आपण नसलो तर बरं, हा विचार आधी पाहुण्यासारखा यायचा आणि जायचा. पुढं त्यानं मुक्कामच टाकला.

एकदा माइक लावता लावता मी रडायला लागलो. सरांनी बघितलं. त्यांनी मला त्यांचाच कोर्स फुकट दिला, वर ‘तू माझ्या मुलासारखा’ असंही म्हणाले. आरशासमोर उभं राहून ‘मी आनंदी आहे’ म्हणायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, पहाटे चालायचं, झोपताना सगळ्यांचे आभार मानायचे. मी सगळं केलं. खोटं कशाला बोलू, चालण्यानं आणि श्वासानं घटकाभर बरंही वाटायचं. त्यात वाईट काही नाही. पण आरशाचं काही जमेना. आरशातला माणूस खोटं बोलतोय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

‘सर, फरक पडत नाही,’ मी सांगितलं.

‘तू मनापासून करत नाहीस,’ सर म्हणाले. ‘दुःख हा आपला चॉईस असतो, सत्यम.’

तोवर मी नुसता आजारी होतो. त्या दिवसापासून आजारी आणि वर गुन्हेगार झालो. ‘डॉक्टरला दाखवू का?’ असं विचारल्यावर सरांचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं. ‘गोळ्या खाणार? लोक काय म्हणतील, उंच भरारीचा माणूसच वेड्यांच्या डॉक्टरकडं जातो?’ आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. नांदेडच्या शिबिरात मला स्टेजवर उभं करायचं. मी नैराश्यात होतो आणि सरांच्या कोर्सनं पूर्ण बरा झालो, हे मी माझ्या तोंडानं सांगायचं, आणि त्याचा व्हिडिओ करायचा. ‘तुझ्या वडिलांनाही बोलावू. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं की अख्खा हॉल आपला.’

आता मला भीती वाटली ती खरी. एकदा चारचौघांत ‘बरा झालो’ म्हटलं की पुन्हा आजारी असायची सोय उरत नाही. मग मी कुणाकडं जाणार होतो? त्या मुक्काम ठोकून बसलेल्या पाहुण्याकडंच. हे मला स्वच्छ दिसत होतं आणि तरी मी मान डोलावली. अंगात नाही म्हणायची ताकद नसली की माणूस कशालाही हो म्हणतो, आणि त्याला लोक चांगला स्वभाव म्हणतात.

माझे वडील हणमंतराव. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. उदगीरकडच्या हळी गावच्या बैलबाजारात त्यांची दलाली चालते. आई, कस्तुराबाई, गेल्यापासून ते गावात एकटेच असतात. आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं. ‘जेवलास का?’ ‘हाव. तुमी?’ ‘हाव.’ ‘बरं, ठेवतो.’ दोघंही खोटं बोलत असू, पण फोनवर ताट दिसत नाही.

अण्णांच्या धंद्यातली एक गोष्ट इथं सांगायला हवी. बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आपला खांद्यावरचा मोठा रुमाल हातांवर टाकतो आणि रुमालाखाली बोटं धरतो. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच. भोवती पन्नास बघे उभे असले तरी आकडा फक्त त्या दोन हातांना कळतो. तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा चालू असतात. लहानपणी मी अण्णांना विचारलं होतं, सरळ सांगायला काय होतं? अण्णा म्हणाले, ‘उघड्यावर कुणी खरं बोलतंय व्हय? उघड्यावर मानूस बघ्यांसाठी बोलतो.’ आणि दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली: पहिला आकडा कधीच खरा नसतो. ऐकून घ्यायचा, पण हात सोडायचा नाही.

नांदेडचं मंगल कार्यालय माणसांनी गच्च भरलं होतं. मी मागच्या बाजूला साउंडच्या टेबलापाशी बसलो होतो. अण्णा आले ते थेट बाजारातून. धोतराला शेणाचा डाग, अंगाला जनावरांचा वास. आल्या आल्या त्यांनी कुंडीत तंबाखू थुंकली. सरांच्या अत्तरानं आधीच मळमळत होतं, त्यात हे. मला दोघांचीही किळस आली, आणि बापाची किळस येते म्हणून स्वतःचीही. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि माझ्याकडं बघत राहिले. बाजारात जनावराला बघतात तसं, आधी डोळे, मग बरगड्या.

‘वाळलास,’ ते म्हणाले.

‘काम लई हाय, अण्णा.’

स्टेजवर सरांचा आवडता खेळ सुरू झाला होता. ‘चला, हात वर! तुमचं दुःख दहापैकी किती? बोटांनी दाखवा!’ शेकडो हात वर गेले. आठ, नऊ, दहा. सरांनी डोळे मिटायला सांगितले, श्वास घ्यायला सांगितलं, मला खूण केली. मी बासरी लावली. हुंदके आले, नाकं शिंकरली गेली. ‘आता डोळे उघडा. आता किती? जोरात!’ बोटं भराभर मिटली. तीन! दोन! एकानं तर मूठच वर केली. टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईची आठ बोटं तशीच वर होती. कार्यकर्त्यानं तिला नाव विचारलं. पारूबाई. सर खाली उतरले, तिचा खांदा दाबला आणि माइकमध्ये म्हणाले, ‘माउली, तुम्ही मनापासून नाही केलं!’ हॉल हसला. पारूबाईनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि एकेक करून बोटं मिटवली. शेवटी दोन उरली. ‘शाब्बास!’ सर ओरडले. ती ओशाळवाणं हसली. माझंही तोंड गेले कित्येक महिने तसंच दिसत असणार.

अण्णा पुढं वाकून बघत होते.

‘ह्यो तर उघडा सौदा लावून राहिला की रे,’ ते म्हणाले. ‘अन् त्या बाईचा भाव पाडला समद्यांदेखत.’

अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि माझ्या मांडीवर टाकला. खालून त्यांचा हात आला. खरखरीत, गरम. त्यांनी माझा हात धरला आणि बाजारात विचारतात तसा अंगठा माझ्या बोटांवरून फिरवला. नजर स्टेजवर.

‘औंदा सोयाबीन बरं हाय,’ ते म्हणाले.

मला कळलं ते काय विचारतायत: दहापैकी किती. मी त्यांची दोन बोटं धरली.

हात सुटला नाही.

‘पाऊस मातर मागनं लई झाला,’ अण्णा म्हणाले. त्यांचा अंगठा पुन्हा फिरला. मी तीन बोटं धरली. मी चार धरली. हात तसाच, ना ओढ, ना दाब. विकणाऱ्याचा धीर सुटेपर्यंत असा हात धरून बसलेले अण्णा मी आयुष्यभर बघितले होते. त्यांच्यापुढं जनावरांचा व्यापार करणारे भलेभले हेडे टिकले नाहीत, मी काय टिकणार? मी त्यांचा पंजा धरला. पाच. मग सोडून पुन्हा पंजा धरला. दहा. आणि धरूनच ठेवला. नाकातून पाणी आलं. रडं आलं, आणि बासरी बंद होती, त्यामुळं ते माझं होतं.

अण्णांचा चेहरा हलला नाही. स्टेजकडं बघतच ते हळू आवाजात म्हणाले, ‘कवाधरनं?’

‘दिवाळी.’

‘दवा?’

‘न्हाई. सर म्हणतात, आपलं आपणच बरं व्हायचं असतं.’

‘बैलानं चारा सोडला तर आपून त्येला भाषण देतो व्हय?’ अण्णा म्हणाले. ‘मला वाटलं तुला शेरातलं वारं लागलं, म्हून बोलत न्हाईस.’

मग रुमालाखाली एक विचित्र गोष्ट झाली. अण्णांनी त्यांचा हात उलटा केला आणि माझी बोटं धरली. जन्मभर दुसऱ्यांचे आकडे काढून घेतलेल्या माणसानं विकणाऱ्यासारखा आपला आकडा दिला. चार. मी त्यांच्याकडं बघितलं. ते सरांकडं बघत होते आणि त्यांच्या गालाची शीर उडत होती.

तेवढ्यात सरांचा आवाज घुमला. ‘आणि आता, मित्रांनो, मी तुम्हाला एक जिवंत चमत्कार दाखवणार आहे! आपला सत्यम! आणि त्याचे वडील! या, सत्यम, स्टेजवर या!’

सगळ्या माना मागं वळल्या. कॅमेरेवाला पळत आला. माझे पाय सवयीनं उठायला लागले, आणि चेहऱ्यावर ते पारूबाईचं हसू यायला लागलं. ते येतंय हे मला जाणवत होतं आणि थांबवता येत नव्हतं. रुमालाखालचा हात मात्र सुटला नाही. अण्णा माझ्यासोबत उभे राहिले.

‘न्हाई येत त्यो,’ अण्णा मोठ्यानं म्हणाले. ‘ह्येचा सौदा झालाय. आता ह्येच्यावर बोली न्हाई.’

सरांना वाटलं, खेडवळ माणूस विनोद करतोय. ‘वा! बाबांसाठी जोरदार टाळ्या!’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमधून आम्ही दारापर्यंत चालत गेलो. मागं सर माइकमध्ये म्हणत होते, ‘बासरी… अरे, बासरी कुठंय?’

बाहेर उन्हात मी गटारीच्या कडेला बसून ओकलो. सकाळचा चहा तेवढा निघाला. अण्णांनी पाठीवर हात ठेवला नाही, धीर दिला नाही, ‘सगळं ठीक होईल’ म्हणाले नाहीत. त्यांनी पाण्याची बाटली आणली आणि त्याच रुमालानं माझं तोंड पुसलं. रुमालाला शेणाचा आणि तंबाखूचा वास होता. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला एखाद्या वासानं मळमळलं नाही.

‘मनाचा डाक्टर कुठं बसतो?’ त्यांनी रिक्षावाल्याला इतक्या मोठ्यानं विचारलं की पानटपरीवरची माणसं वळून बघायला लागली. रुमालाखाली बोलायचं काय आणि उघड्यावर बोलायचं काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. रिक्षावाल्यानं आम्हाला डॉक्टर लेनला सोडलं.

दवाखान्यात गर्दी होती. मला वाटलं होतं तसं कुणी कपडे फाडत नव्हतं. उदगीरच्या बसमध्ये बसावीत तशी साधी माणसं पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. काउंटरवरच्या पोरीनं मान वर न करता विचारलं, ‘पेशंटचं नाव?’

‘सत्यम हणमंतराव,’ अण्णा म्हणाले.

तिनं लिहिलं. मी वळलो. अण्णा काउंटरपाशीच उभे होते. त्यांनी घसा खाकरला, एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

‘अजून एक लिव्हा,’ ते म्हणाले. ‘हणमंतराव.’

आम्ही बाकड्यावर जाऊन बसलो. समोर टीव्हीवर कसलीशी मालिका चालू होती. अण्णा म्हणाले, ‘औंदा तुरीला भाव येईल म्हंत्यात.’ मी त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, आमच्या हातांवर टाकला आणि त्यांचा हात धरला. चार हा त्यांचा पहिला आकडा होता. मी हात सोडला नाही.