डॉक्टरांच्या तोंडासमोर पाय

राई गावातल्या धाकूच्या घरी डॉक्टर यायचे ते संजनाच्या टॅबमधून. संजना एका संस्थेची कार्यकर्ती. ती ओटीवर बसून टॅब लावायची, काचेत डॉक्टरांचा चेहरा दिसायचा आणि धाकूची बायको मंदा पदर सारखा करायची. काचेतला झाला म्हणून काय, घरी आलेला माणूस तो पाहुणाच.

खाडीत कालवं काढताना शिंपल्यानं धाकूच्या पायाचा अंगठा कापला होता. अंगात साखर, त्यामुळे जखम भरेना, पण दुखेनाही. जे दुखत नाही ते दुखणं कसलं, असं धाकूचं म्हणणं. मंदाला मात्र वास यायला लागला होता, आणि आज डॉक्टरांना पाय दाखवायचाच, असं तिनं त्याला बजावलं होतं.

"काका, पाय बघू जरा," डॉक्टर आपण होऊनच म्हणाले.

संजनानं टॅब खाली नेला, तसा धाकूनं पाय लुंगीत ओढला. "त्यांच्या तोंडाला पाय लावतेस, बाय?" तो खेकसला आणि काचेला हात जोडून म्हणाला, "पाय बरा हाय, साहेब."

मंदाच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण परक्यासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं, वर देवासारख्या माणसाच्या नाकाशी सडका अंगठा धरायचा, हे तिच्यानं होईना. डॉक्टरांनी आहेत त्याच गोळ्या चालू ठेवल्या. त्यांना पुढचं घर गाठायचं होतं.

पुढच्या खेपेलाही पाय 'बरा'च होता. मग ताप चढला, आणि मोठ्या इस्पितळात पाय गुडघ्याखाली कापला. "इतके दिवस डॉक्टरला का नाही दाखवला?" तिथल्या सर्जननं झापलं. डॉक्टर तर दर सोमवारी घरी येत होते. मंदाला स्वतःचीच जीभ हासडून टाकावीशी वाटली.

नंतर संस्थेची सुरुची आली. योजना कितपत यशस्वी झाली, ते तपासायला. धाकू आतल्या खोलीत पडून होता. तिनं आत डोकावलं नाही. आवाज नीट यायचा का? यायचा. डॉक्टर वेळेवर यायचे? यायचे. नीट बोलायचे? गोड बोलायचे. मंदा खरं तेच सांगत होती, आणि आतून जळत होती.

"म्हणजे मावशी, काकांची दवाखान्याची खेप वाचली ना?"

"वाचली ना," मंदा म्हणाली. "आता तं जन्माची वाचली. चालायलाच पाय न्हाय."

सुरुचीनं मान हलवली आणि मोबाईलवर 'हो'वर बोट टेकवलं.